‘ह्वा’ : डॉ. कोटणिसांच्या नावातील चिनी अक्षर

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०-१९४२) चीनमध्ये ‘के दिह्वा’ या नावाने ओळखले जातात. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथक गेले. त्यातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस ‘ह्वा’ हे अक्षर जोडण्यात आले.

या अक्षराचे मूळ रूप म्हणजे बहरलेल्या झाडाचे चित्र होय. ‘फूल’ हा त्याचा आद्य अर्थ. त्यातून ‘शोभा’, ‘वैभव’ आणि पुढे ‘चीन’ हे अर्थ आले. फुलासाठी कालांतराने वेगळे अक्षर रूढ झाले. १९५६ च्या लिपिसुधारणेत ‘ह्वा’ची आकृती सुलभ करण्यात आली. आता वर उच्चार सुचविणारा भाग असतो आणि खाली दहाच्या अंकाचे चिन्ह. बहराचे चित्र मात्र लोपले. कोटणिसांच्या हयातीत त्यांचे नाव जुन्या, बहरलेल्या रूपातच लिहिले जाई.

ऑगस्ट १९४२ मध्ये कोटणीस आणि त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान यांना पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टरांचे निधन झाले. वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ साली यिनह्वाही गेला. पित्याच्या नावातील अखेरचे अक्षर त्याने अखेरपर्यंत वागवले.