गोयाच्या चित्रवह्यांतील एक प्रश्नचिन्ह

चित्राखालीं लिहिलेली ओळ सामान्यतः पाहणाऱ्याची सोय करते. चित्रांत कोण आहे, काय चाललें आहे, हें ती सांगून टाकते आणि पाहणारा निश्चिंत मनानें पुढच्या चित्राकडे वळतो. फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्रवह्यांत मात्र बरेंच उलट घडतें. चित्र डोळ्यांना चटकन कळतें. खालची ओळ वाचली कीं मन विचारांत पडतें.

गोयाचा जन्म १७४६ सालीं आरागोन प्रांतांतील एका लहानशा गांवीं झाला. दरबारी चित्रकार म्हणून त्याचें नांव झालें असतांनाच, १७९२ च्या अखेरीस, त्याला दुर्धर आजार जडला आणि त्यांतून तो उठला तो कायमचा बहिरा होऊन. पुढें थोड्याच वर्षांत त्यानें चित्रवह्या भरावयास आरंभ केला. १८२८ मध्यें तो वारला, तोंपर्यंत अशा आठ वह्या झाल्या होत्या. त्यांतील चित्रांची संख्या साडेपांचशेंच्या घरांत जाते. हीं चित्रें दरबारासाठीं नव्हतीं, विक्रीसाठींहि नव्हतीं. दुसऱ्या वहीच्या मध्यावर त्यानें चित्राखालीं स्वतःच्या हातानें ओळी लिहावयास सुरुवात केली.

मनुष्याच्या चुका व दुर्गुण यांचा समाचार घेणें हें केवळ वाङ्मयाचें काम नसून चित्रकलेचेंहि आहे, ही भूमिका त्यानें उघडपणें मांडली होती. १७९९ मध्यें ‘काप्रीचोस’ ही ऐंशी ताम्रमुद्रित चित्रांची माला विक्रीस निघाली, तेव्हां तिच्या जाहिरातींत हेंच म्हटलें होतें. परंतु नीतिपाठ देणारा उपदेशक आणि गोया यांच्यांत एक अंतर आहे. उपदेशक निर्णय सांगून मोकळा होतो. गोया तो पाहणाऱ्यावर सोंपवितो.

याचें उत्तम उदाहरण तिसऱ्या वहींत सांपडतें. नेपोलियनच्या स्वारीनें १८०८ पासून स्पेनमध्यें जी धामधूम माजली, त्या वर्षांशीं या वहीचा संबंध जोडला जातो. तींत इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांना शासन करणाऱ्या धर्मन्यायसभेच्या, बळींची एक रांगच आहे. अंगावर अपराध्याचा झगा, डोक्यावर कागदाची उंच निमुळती टोपी, मान खालीं घातलेली. गोमंतकांत पोर्तुगीजांनीं १५६० मध्यें स्थापिलेली अशीच न्यायसभा १८१२ मध्यें कायमची बंद झाली. त्यामुळें हा पोशाख मराठी इतिहासवाचकाला अगदींच अपरिचित नाहीं.

या चित्रांखालच्या ओळी एकाच सांच्याच्या आहेत. ‘दुसरीकडे जन्मला म्हणून.’ ‘यहुदी वंशांतला म्हणून.’ ‘मनाजोग्या माणसाशीं लग्न केलें म्हणून.’ गॅलिलिओच्या चित्राखालीं, ‘पृथ्वीची गति शोधून काढली म्हणून.’ एका स्त्रीच्या तोंडांत बोळा कोंबला आहे. तिला आपण सारागोसा येथें पाहिलें असें गोया लिहितो, आणि तिचा अपराध सांगतो तो हा कीं, तिला उंदीर बनवितां येत होते!

हें बोलत आहे कोण? भाषा निकालपत्राची आहे. न्यायाधीशानें गुन्हा वाचून दाखवावा तशी. गोया त्यांत निषेधाचा एक शब्दहि घालीत नाहीं. न्यायसभेचेंच वाक्य तो जसेंच्या तसें उचलून माणसाच्या पायाशीं ठेवतो, आणि त्या वाक्यानें अपराधी न ठरतां न्यायसभाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी राहते.

अशीं ‘म्हणून’, ‘म्हणून’ करीत जाणारीं पानें उलटतां उलटतां एक निराळें पान येतें. एक स्त्री खांबाला मानेशीं जखडलेली आहे. ओळ आहे, ‘लिबरल म्हणून?’ येथें प्रश्नचिन्ह आहे. ‘लिबरल’ या शब्दाचा जुना स्पॅनिश अर्थ उदार, सढळ हाताचा. राजकीय पक्षाचें नांव म्हणून तो रूढ झाला तो कादिथच्या लोकसभेंत, जिनें १८१२ ची राज्यघटना तयार केली. त्या सभेंत स्त्रियांना स्थान नव्हतें. मग ही स्त्री जखडली गेली ती कोणत्या अर्थानें लिबरल म्हणून? प्रश्न न्यायाधीशाचा आहे, जमावाचा आहे, कीं चित्रकाराचा? ओळ उत्तर देत नाहीं.

हें मौन निव्वळ चातुर्याचें नव्हतें. १८१४ मध्यें सातवा फर्डिनंड परतला. त्यानें घटना रद्द केली, इन्क्विझिशन पुन्हां उभें केलें आणि लिबरलांना तुरुंगांत टाकलें. गोयानें परक्या जोसेफ राजाच्या हातून सन्मानचिन्ह घेतलें होतें. फर्डिनंडच्या पदरींहि तो चित्रकार राहिला. १८१५ मध्यें त्याच्या नग्न स्त्रीचित्राबद्दल इन्क्विझिशननें त्यालाच जाब विचारला. दोन्ही सत्तांचें अन्न खाल्लेल्या माणसानें निर्मळ न्यायासनावर बसून निकाल देणें त्याला स्वतःलाच शोभलें नसतें.

दुसऱ्या एका वहींतील, आतां बर्लिनच्या संग्रहांत असलेलें पान हेंच सांगतें. डोळे मिटलेला एक मनुष्य हातांत कुदळ घेऊन उभा आहे. खालीं फुटलेला अर्धपुतळा पडला आहे. ओळ: ‘काय करतो हें त्याला कळत नाहीं.’ क्रुसावरून ख्रिस्तानें आपल्या मारेकऱ्यांसाठीं मागितलेली क्षमा ख्रिस्ती वाचकाला येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. पण पुतळा कोणाचा, राजाचा कीं स्वातंत्र्याचा, हें चित्र सांगत नाहीं. ओळींत दोष आहे कीं दया, हेंहि ठरवितां येत नाहीं.

गोयाच्या पश्चात् वह्यांचे धागे सुटले आणि पानें युरोप-अमेरिकेंतील संग्रहांत विखुरलीं. तिसरी वही मात्र बव्हंशीं एकत्र राहून माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत पोंचली, हें मोठें भाग्य. सुटें पान हातीं आलें असतें तर त्या स्त्रीच्या चित्राखालचें प्रश्नचिन्ह सहज नजरेआड झालें असतें. इतक्या ठाम ‘म्हणून’नंतर आल्यामुळेंच तें टोंचतें, आणि एकदां टोंचलें कीं मागचीं सारीं पानें परत उलटून, प्रत्येक निकालापुढें तेंच चिन्ह मांडून पाहणें भाग पडतें.