साच्यातली पात्रं आणि जोतीबांचे 'तृतीय रत्न'

तमाशात सोंगाड्या आला की तो बोलण्याआधीच लोक हसू लागतात. गौळणीत मावशी आली की ती काय करणार हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वगातला सावकार दिसला की चोपडी आणि व्याज आलंच! अशा पात्रांना साचेबंद पात्रं म्हणतात. नाटककाराला जिवंत माणूस रंगवता आला नाही म्हणून त्याने साचा वापरला, असा त्यांच्यावर ठपका असतो. आम्हांला हे पूर्णपणे पटत नाही. साचा कोणी वापरला आणि कोणासाठी वापरला, हे आधी पाहिलं पाहिजे. त्यासाठी क्रांतिबा जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

हे नाटक जोतीबांनी १८५५ साली लिहिले. कथानक अगदी साधे आहे. कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो, पोटातल्या बाळावर संकट आहे म्हणतो. मग जप आले, ब्राह्मणभोजन आले, दक्षिणा आली. गरीब जोडपं ऐपतीबाहेरच्या खर्चात बुडतं. पुढे पादरी भेटतो आणि त्याच्याशी बोलताबोलता कुणब्याचे डोळे उघडतात. मधूनमधून विदूषक येऊन जोशाचं पितळ उघडं पाडतो.

जोशी, कुणबी, पादरी, विदूषक. ही पात्रं ओळखली जातात ती जातीनं आणि धंद्यानं. हे मुद्दाम केलेलं आहे. जोशाला एखाद्या गावचा अमुकतमुक केला असता, तर लोक म्हणाले असते, "तो एक वाईट होता, बाकीचे चांगले आहेत." पण नुसता 'जोशी' म्हटल्यावर प्रत्येकाला आपल्याच दारात आलेला जोशी आठवतो. जोतीबांना एका माणसाचा दुष्टपणा सांगायचा नव्हता. भीती कशी घालतात, पैसा कसा निघतो, ती सगळी रीत दाखवायची होती. रीत दाखवायला साचाच कामाला येतो.

विदूषकाचं तर जोतीबांनी रूपच पालटलं. जुन्या संस्कृत नाटकांतला विदूषक म्हणजे राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. 'तृतीय रत्ना'तला विदूषक मात्र रयतेच्या बाजूने बोलतो आणि जोशालाच हसतो. हत्यार जुनंच, पण ते धरणारा हात बदलला.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. जोशी शेवटपर्यंत जोशीच राहतो. कुणबी आणि त्याची बायको मात्र बदलतात. भोळा, अडाणी, फसणारा कुणबी हाही साचाच होता. पण शेवटी नवरा-बायको दोघंही शिकायला जायचं ठरवतात आणि तो साचा मोडतो. ज्ञान हेच तिसरं रत्न! बायकोला मागे ठेवून नवरा एकटा शहाणा झाला, असं जोतीबांनी दाखवलं नाही, हेही ध्यानात घ्यावं.

हे नाटक जोतीबांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीतल्या भटांच्या आग्रहापुढे ते नापसंत झालं, असं त्यांनीच 'गुलामगिरी'त (१८७३) नमूद केलं आहे. ते छापून आलं १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी! नाटक असं दडून राहिलं, तरी रीत दडली नाही. सत्यशोधक जलशांनी गावोगाव भट-सावकारांची सोंगं उभी केली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही हा विचार रुजला. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ मध्ये जोतीबांचं चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यात राधा-कृष्णाच्या शृंगारिक गौळणीला जागा उरली नाही. बाबासाहेबांचा विचार आला.

मात्र हेच हत्यार आपल्यावरही चाललेलं आहे, हे विसरून चालणार नाही. गावकुसाबाहेरचा माणूस म्हणजे एकतर हसण्यासाठी, नाहीतर कीव करण्यासाठी, असा साचा किती कथा-नाटकांनी आणि सिनेमांनी वापरला! त्यात तो माणूस शेवटपर्यंत हात जोडूनच उभा. म्हणून पारख एकच: साचा वरच्याचं कपट उघडं करतो, की खालच्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो?

ही पारख आपल्या घरातही लावावी. जयंतीला आपली पोरं हौसेनं नाटुकली बसवतात. त्यात दारुडा नवरा, अंगात येणारी म्हातारी, रडणारी सून ही पात्रं हमखास असतात. लोक हसतात, टाळ्या पडतात. असू द्या. पण त्या म्हातारीला शेवटी पाटी-पेन्सिल हातात घेऊ द्या. सुनेला चार शब्द ठणकावून बोलू द्या. दारुड्यालाही सुधारायची एक वाट ठेवा. आपलं माणूस रंगमंचावर आलं, ते जसंच्या तसं परत गेलं, तर आपण नुसती नक्कल केली. ते बदलून गेलं, तर जोतीबांचं नाटक आपण पुढे नेलं, असं आम्ही म्हणू.

जयभीम!