पर्समधले १५ कोटी: ग्रीन मुंबईतून गेला कसा?

आज फक्त हिशोब. लोअर परळहून ट्रेन पकडली असेल, तर अंधेरीच्या आत संपेल.

२० फेब्रुवारी २००८. नरिमन पॉइंटच्या हॉटेलात आयपीएलचा पहिला लिलाव. प्रत्येक संघाला मर्यादा ५० लाख डॉलर. सचिन मुंबईचा आयकॉन, त्याच्यावर बोली नाही; पण संघातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूपेक्षा त्याला १५ टक्के जास्त. जयसूर्या ९,७५,००० डॉलरला आला आणि सचिनचा आकडा ११,२१,२५० झाला. तोही त्याच पर्समधून! हैदराबादच्या लक्ष्मणने तर आयकॉनपदच सोडलं, संघाकडे बोलीला पैसे उरावेत म्हणून.

म्हणजे एकाचा पगार वाढला की दुसऱ्याची जागा गेली. हे सगळ्यात उघड दिसलं नोव्हेंबर २०२३ मध्ये.

मुंबईला गुजरातकडून हार्दिक हवा होता, किंमत १५ कोटी. मुंबईने ११ जण रिलीज केले, त्यात ८ कोटींचा आर्चर. वर त्या वर्षी प्रत्येकाची पर्स ९५ची १०० कोटी झाली. तरी हातात किती? १५.२५ कोटी. हार्दिक घेतला की उरतात २५ लाख. त्यात लिलावात काय येतं? २० लाखांच्या बेस प्राइसचा एक पोरगा, बस.

मग ग्रीन बंगळुरूला ट्रेड झाला. त्याचे १७.५ कोटी मुंबईच्या वहीतून उतरले आणि पर्स झाली १७.७५. त्यातून दुबईच्या लिलावात कोएत्झी, तुषारा, मदुशंका आले. ग्रीनचा दोष काय? काहीच नाही. त्याच मे महिन्यात वानखेडेवर त्याने हैदराबादविरुद्ध नाबाद १०० काढले होते. (कर्णधारपदाचं रामायण सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात पडत नाही.)

आयपीएलमध्ये खेळाडू सोडला की त्याची पूर्ण रक्कम पर्समध्ये परत. अमेरिकन फुटबॉलमध्ये असं नाही. तिथे करार करताना दिलेला बोनस हिशोबात पुढच्या वर्षांवर वाटलेला असतो. खेळाडूला मध्येच काढलं, तरी उरलेला भाग क्लबच्या कॅपला चिकटतो. २०२४ मध्ये डेन्व्हरने रसेल विल्सनला सोडलं, तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे ८.५ कोटी डॉलरचा बोजा त्यांच्याच वहीत राहिला. चुकीच्या कराराची किंमत तिथे क्लबही मोजतो.

आपल्याकडे ती बहुतेक खेळाडू मोजतो. त्या ११ जणांत रमणदीप सिंगही होता. कोलकात्याने त्याला २० लाखांत घेतलं, २०२४ची ट्रॉफी जिंकली आणि पुढच्या वेळी ४ कोटींना रिटेन केलं. बाकीच्या दहांची नावं आठवतायत का? कमेंटमध्ये सांगा, गूगल न करता.