कोतवालाचे पुस्तक आणि सरपंचबाई

मार्कंड्याचा इतिहास म्हणजे दगडांचा इतिहास, असे आपल्या अभ्यासकांनी ठरवूनच टाकले आहे. वैनगंगा येथे उत्तरेकडे वळते म्हणून स्थळ पवित्र, आणि अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यांच्या अहवालात येथल्या देवळांची दखल घेतली म्हणून ते प्रसिद्ध. शिल्पातल्या स्त्रियांच्या मुद्रांवर, अलंकारांवर पानेच्या पाने भरली गेली. महाशिवरात्रीच्या जत्रेला येणाऱ्या, ह्याच नदीकाठी रोवणे करणाऱ्या जिवंत स्त्रियांचा येथल्या राज्यकारभाराशी काय संबंध आला, हा प्रश्न मात्र कोणाला इतिहासाचा वाटला नाही.

तो इतिहासाचाच आहे, हे उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) ह्या संशोधनाने दाखवून दिले. दप्तरात बाया सापडत नाहीत म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. घरोघर जाऊन त्यांनी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना बोलते केले. त्या वाटेने गेले की पहिली गोष्ट कळते ती ही: सत्तेतला वाटा आमच्या बायांनी मागितला होता, तो कोणी दान दिलेला नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब समोर होते, आणि २०-२५ हजार स्त्रिया. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणी कामगार स्त्रियांना भरपगारी रजा, ह्या मागण्यांबरोबरच कायदेमंडळांत स्त्रियांना राखीव जागा हव्यात असाही ठराव तेथे झाला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९९० साली, महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा दिल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात येऊन एक-तृतीयांश झाल्या, २०११ पासून निम्म्या. वर्तमानपत्रांनी मात्र 'सरपंचबाई म्हणजे नवऱ्याचा रबरी शिक्का' एवढेच लिहिले. त्याआधी कित्येक वर्षे पाटलाच्या वाड्यावर लिहिलेल्या ठरावाखाली निमूट अंगठा देणाऱ्या पुरुष पंचांना शिक्का कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही!

परंतु खुर्ची कायद्याने आली, तरी तिच्यापर्यंत जाणारी वाट कागदाची आहे. आणि तो कागद बापाच्या नावाचा आहे. राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या बाईला जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. पडताळणीचा कायदा २००१ साली अंमलात आला. ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर निवडच रद्द होते. बाई मतदार सासरच्या गावची. जात सिद्ध करायची माहेरची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, म्हणजे बापाच्या किंवा आज्याच्या काळातला पुरावा हवा. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर मागतात. पण आजा शाळेच्या पायरीवर चढलाच नव्हता. (माझ्या घरातही त्या रजिस्टरात नाव लागले ते माझ्यापासून.) मग उरते कोतवाल पंजी. गावातले जन्ममृत्यू पोलीस ठाण्यात कळवण्यासाठी ते पुस्तक घेऊन मैलोगणती पायपीट करणारा कोतवाल ह्या भागात पुष्कळदा महारच असे. त्याला ते वाचता येत नसे. नोंद करणारा हात दुसऱ्याचा. आज त्याचीच नात त्या पुस्तकाची नक्कल मिळावी म्हणून तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवते. पान फाटके असेल, वाळवीने खाल्ले असेल, तर तिच्या सरपंचपदाचे काय?

त्यात आणखी एक गुंता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्यानंतर अनेक घरांतल्या लेकरांच्या नावापुढे 'बौद्ध' लागले. राज्याने सवलती पुढे चालू ठेवल्या, केंद्राने मात्र बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला १९९० साल उजाडले. बापाचा कागद एका नावाचा, लेकीचा दुसऱ्या नावाचा; आणि दोन्ही एकाच माणसांचे आहेत हे शपथपत्रावर सांगायचे त्या लेकीने.

खुर्चीवर बसल्यावरही नियम पाठ सोडत नाहीत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले की सदस्यत्व जाते. मूल किती व्हावे हे किती घरांत बाईला विचारले जाते? शासनाला दुसऱ्या बाजूने हे कळतही असावे, कारण राखीव पदावरच्या स्त्री सरपंचावरील अविश्वास ठरावाला कायद्याने तीन-चतुर्थांश बहुमत लावले आहे. एका कलमात तिच्याभोवती कुंपण घातले, दुसऱ्यात ते उपटले.

म्हणून स्त्रिया आणि प्रशासन ह्यांचे संशोधन करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की टक्केवारी मोजून थांबू नका. चामोर्शी तहसीलच्या नकलांच्या खिडकीपुढे एक आठवडा उभे राहा. कोण बाई कोणत्या गावाहून आली, तिच्याबरोबर भाऊ होता की नवरा, आणि कितव्या खेपेला नक्कल हातात पडली, हे लिहून घ्या.