टोपाची जाळी आणि चामड्याची पट्टी

आमच्या वेस्ट विंडसरहून ट्रेन पकडली की न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम गाठता येतं. तिथल्या शस्त्रदालनात मी रेंगाळतो तो १४ व्या शतकातल्या युरोपियन टोपांपाशी. आणि माझ्यातल्या इंजिनिअरला प्रश्न पडतो तो पोलादाचा नव्हे, चामड्याचा!

या टोपांना मान झाकणारी कड्यांची जाळी असे. जाळी चामड्याच्या पट्टीला शिवायची, पट्टीची भोकं टोपाच्या कडेवरच्या छोट्या कोयंड्यांवर बसवायची आणि कोयंड्यांतून दोरी ओवायची. घासण्यापुसण्यासाठी जाळी काढता आली पाहिजे ना! आपल्याकडच्या टोपांना बहुधा कडेलाच भोकं, त्यांतच कड्या. पट्टीची भानगडच नाही.

मग चामडं कोणतं? पोटाकडचं ताणतं, म्हणून पाठीचं. तुरटीने कमावलेलं मऊ, पण पाण्याने तुरटी धुपते. झाडाच्या सालीने कमावलेलं दणकट. आपल्या बाभूळ-हिरड्याच्या कोल्हापुरी चपलेचं भाऊबंदच. मात्र ओल्या लोखंडाला लागलं की त्यातल्या टॅनिनची काळी शाई होते. आजचं क्रोमचं चामडं १९ व्या शतकातलं, म्हणजे बाद.

६०० वर्षांत लोखंड टिकलं, पट्ट्या बहुतेक कुजून गेल्या. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांच्या अंगात चिलखत होतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्या काळच्या ढाली, खोगिरं, म्यानं यांचं कातडं ज्या ढोर-चांभारांनी कमावलं, शिवलं, त्यांतल्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?