जगाचे प्रदेश आणि सोलापूरचा पाऊस

महाविद्यालयांत नव्यानें प्रवेश केलेल्या विद्यार्थ्याच्या हातीं भूगोलाचें जें पहिलें पुस्तक येतें, त्यांत पृथ्वीचे प्रदेश पाडलेले असतात. विषुववृत्तालगतचीं अरण्यें, मोसमी पावसाचे देश, वाळवंटें, भूमध्य समुद्राचा कांठ, गवताळ मैदानें आणि ध्रुवाकडील हिमप्रदेश, अशा क्रमानें जगाची फेरी करावयाची आणि प्रत्येक मुक्कामीं हवा, पाणी, पिकें, धंदे व लोकवस्ती पाहावयाची, अशी या अभ्यासाची रीत आहे. ही रीत शिकविणाऱ्यास सोपी आणि शिकणाऱ्यास परीक्षेपुरती सोयीची वाटते. परंतु ती कोठून आली, तिनें काय दिलें आणि तिच्यांतून काय निसटलें, हा प्रश्न सोलापुरासारख्या, ज्याचें बरेंवाईट पावसावर ठरतें अशा ठिकाणीं तरी अवश्य विचारला पाहिजे.

सामान्य भूगोल आणि विशिष्ट देशांचा भूगोल, असे या विद्येचे दोन भाग व्हारेनियस या तरुण पंडितानें १६५० सालीं आपल्या लॅटिन ग्रंथांत पाडले. त्या ग्रंथाची योग्यता एवढी मोठी कीं, पुढें १६७२ सालीं खुद्द न्यूटननें केंब्रिज येथें त्याची आवृत्ति काढली. तरीही शाळांतून दीर्घकाळ चालला तो याद्यांचाच भूगोल. महाराष्ट्रांतही एकोणिसाव्या शतकांत बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानांनीं भूगोलावर मराठींत लेखन केलें. पृथ्वी वाटोळी आहे व ती सूर्याभोंवतीं फिरते, हें ज्ञान घरोघर पोंचविण्याचें मोठें कार्य अशा पुस्तकांनीं केलें. पण वर्गांत मात्र देश, राजधान्या, नद्या आणि भुशिरें यांचीं नांवें घोकण्यावरच बहुधा काम भागे.

या घोकंपट्टीस धक्का दिला तो ऑक्सफर्डच्या हर्बर्टसन यांनीं. १९०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं राज्यांच्या सीमा बाजूस सारल्या आणि भूरचना, हवामान व वनस्पति यांच्या सारखेपणावरून पृथ्वीचे मोठे नैसर्गिक प्रदेश आंखून दाखविले. याच सुमारास, १९०३ सालीं, फ्रान्समध्यें विदाल द ला ब्लाश यांनीं आपल्या देशाच्या एकेका भागाचें असें चित्र रेखाटलें कीं, तेथील माती व तेथील माणूस हीं एकमेकांस कशीं घडवितात हें वाचकास दिसावें. नांवांच्या जागीं कारणें आलीं, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

आतां या नकाशावर सोलापूर शोधावें. तें मोसमी प्रदेशांत पडतें, आणि महाबळेश्वरही त्याच रंगांत पडतें. वस्तुतः महाबळेश्वरास वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस होतो, आणि तेथून सुमारें दीडशे मैलांवर असलेल्या सोलापुरास जेमतेम २० ते ३० इंच. सह्याद्रि ढग अडवितो व त्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा पट्टा सुरू होतो. एका ठिकाणीं भाताचीं खाचरें, तर दुसऱ्या ठिकाणीं काळ्या जमिनींतली रब्बीची ज्वारी. अर्थात् जगाच्या मानानें पाडलेला प्रदेश घराच्या मानानें फार ढोबळ ठरतो. चं. धुं. देशपांडे यांनीं १९४८ सालीं पश्चिम हिंदुस्थानचा प्रादेशिक भूगोल इंग्रजींत प्रसिद्ध केला. अशा ग्रंथाची गरज नेमकी येथेंच दिसते.

पण ढोबळपणापेक्षांही मोठा दोष निराळा आहे. प्रदेश म्हणजे भिंतीआडच्या खोल्या आहेत, एकींत घडतें त्याचा दुसरीशीं संबंध नाहीं, असा समज या क्रमवार अभ्यासानें नकळत होतो. सोलापूरचा इतिहास तो समज टिकूं देत नाहीं. १८६० सालीं येथें आगगाडी आली. लगेच १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि दक्षिणेंतील कापसाचे भाव चढले. युद्ध संपतांच ते कोसळले. पुढें १८७७ सालीं सोलापुरांतच कापडाची गिरणी चालूं झाली. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनीं शहराला नांव मिळवून दिलें. अमेरिकेचा कापूसपट्टा, इंग्लंडचा गिरण्यांचा मुलूख आणि भीमाकांठचें शेत हीं पाठ्यपुस्तकांत तीन निरनिराळ्या प्रकरणांत असतील. बाजारांत तीं एकाच ताग्याचे धागे होतीं.

याहून गंभीर उदाहरण पावसाचें आहे. १८७६ सालीं परतीचा पाऊस आला नाहीं आणि सोलापूर जिल्हा दुष्काळाच्या खाईंत लोटला गेला. दक्षिण हिंदुस्थानांत १८७८ पर्यंत चाललेल्या या दुष्काळांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज आहे. त्याच वर्षांत उत्तर चीनमध्यें महाभयंकर दुष्काळ पडला आणि ब्राझीलचा ईशान्य भागही करपून गेला. त्या वेळीं या तीन आपत्तींमध्यें कांहीं नातें असेल, असें प्रदेशांच्या कोणत्याही नकाशावरून कळण्याजोगें नव्हतें.

तें नातें उलगडण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १८७५ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं १८८४ सालीं हिमालयावरील बर्फ आणि पुढील पाऊस यांचा संबंध मांडला. १९०४ सालीं त्या खात्यावर गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती आले. जगभरच्या ठाण्यांचे वायुभाराचे आंकडे त्यांनीं एकमेकांशीं ताडून पाहिले, आणि त्यांना असें आढळलें कीं, पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांवरील वायुभार तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें खालींवर होतो. १९२४ सालीं त्यांनीं यास ‘दक्षिणी आंदोलन’ असें नांव दिलें. त्यांच्या खात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आली. ती इमारत पुणेकरांच्या तोंडीं ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच राहिली. अखेर १९६९ सालीं ब्यर्कनेस यांनीं दाखविलें कीं, पेरूच्या किनाऱ्याकडे कांहीं वर्षांच्या अंतरानें समुद्र तापतो, ज्याला तेथील कोळी नाताळच्या बाळावरून ‘एल निन्यो’ म्हणत, तो आणि वॉकर यांचें आंदोलन हीं एकाच घडामोडीचीं दोन अंगें होत.

१९७२ सालीं याचा पडताळा आला. पेरूच्या समुद्रांतील मासळीचा धंदा बसला आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत, सोलापुरासह, भीषण अवर्षण पडलें. तथापि हा नियम लोखंडी नव्हे. १९९७ सालीं पेरूकडील समुद्र अतिशय तापूनही हिंदुस्थानांत पाऊस बहुतेक सरासरीइतका झाला. दूरच्या समुद्राचा कौल हा धोक्याचा इशारा आहे. तें अटळ भविष्य नव्हे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. अवर्षण आकाशांतून येतें. उपासमार बव्हंशीं माणसाच्या कारभारांतून येते. १८७७ सालीं दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला अवघें एक पौंड धान्य पुरे, असें सर रिचर्ड टेंपल यांनीं ठरविलें, आणि हिंदुस्थानचें धान्य परदेशीं जातच राहिलें. पुणें सार्वजनिक सभेनें दुष्काळी मुलखांतून वृत्तांत जमवून या धोरणाविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. उलट १९७३ च्या उन्हाळ्यांत लाखों माणसांना सार्वजनिक कामांवर मजुरी मिळाली आणि भूकबळींचा मोठा संहार टळला. त्याच अनुभवांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. आभाळ दोन्ही वेळां सारखेंच फिरलें होतें, राज्यकर्त्यांची बुद्धि मात्र निराळी होती.

सोलापुरांत १९४० सालीं दयानंद महाविद्यालय निघालें आणि २००४ सालीं स्वतंत्र विद्यापीठ झालें. जगाचा भूगोल शिकण्यासाठीं परगांवीं जाण्याची गरज येथील मुलांना आतां राहिलेली नाहीं. तो शिकावा कसा, एवढेंच ठरवावयाचें आहे. प्रदेशांचे पाठ टाकून देण्याचें कारण नाहीं. नकाशावांचून वाट सांपडत नाहीं. पण एकेक प्रदेश वाचतांना विद्यार्थ्यानें दोन प्रश्न विचारावे : येथील कोणती वस्तु किंवा कोणता वारा माझ्या गांवापर्यंत येतो, आणि संकट आल्यास येथील माणसें एकमेकांना कसें सांभाळतात? हे प्रश्न विचारणाऱ्यास पेरूचा किनारा परका वाटणार नाहीं. आणि सोलापूरच्या शिवारांतील ज्वारीचें कणीस त्याला पृथ्वीच्या गोलाइतकेंच मोठें दिसूं लागेल.