गच्चीतला टोमॅटो आणि घरचे सार

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव अनेक शहरांत किलोला १५० रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा पुष्कळांना गच्चीतल्या रिकाम्या कुंड्या आठवल्या. पण ही तहान लागल्यावर विहीर खणण्यातली गत. बी पेरल्यापासून लाल फळ हाती येईपर्यंत सुमारे तीन महिने लागतात आणि चार कुंड्यांवर घरची वर्षाची गरज भागत नाही. घरच्या टोमॅटोचे खरे मोल चवीत आहे. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत येथून दूरच्या शहरांत जाणारी फळे रंग धरू लागताच तोडावी लागतात. वाटेत ती लाल होतात. पण झाडाकडून मिळणारी साखर तोडणीबरोबरच थांबलेली असते.

महाराष्ट्रातील शहरांत सप्टेंबरमध्ये बी पेरणे सोयीचे. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रीही उष्ण राहिल्या, की परागकण निकामी होऊन फुले गळतात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये फळधारणेसाठी खताचा मारा करणे व्यर्थ होय. पुसा रुबी, अर्का विकास यांसारख्या सरळ वाणांचे बी पुढील वर्षासाठी राखता येते. संकरित वाणाचे राखलेले बी तसेच फळ देईल याची शाश्वती नसते.

रोप साधारण चार आठवड्यांचे झाले, की किमान १२ इंच खोल कुंडीत लावावे. खालची पाने काढून खोडाचा काही भाग मातीत गाडल्यास त्यालाही मुळे फुटतात. सहा तास ऊन, काठीचा आधार आणि गांडूळखत एवढ्यावर रोप वाढते. सज्जात वारा नसेल तर फुलोऱ्याला सकाळी हलकी टिचकी मारावी, म्हणजे पराग झडतो. फळाच्या बुडाशी काळा डाग पडला, की अनेक जण कीटकनाशक शोधू लागतात. वास्तविक ही कीड नव्हे. पाणी कधी फार, कधी मुळीच नाही, असे झाले की फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. उपाय एकच, नियमित पाणी.

पिकलेले फळ फ्रीजमध्ये ठेवू नये, थंडीने स्वाद उतरतो. सारासाठी टोमॅटो उकडून, साल काढून गाळून घ्यावेत. तूप-जिरे, कढीपत्ता आणि हिरवी मिरची यांची फोडणी द्यावी. नारळाचे दूध शेवटी घालून मंद आच ठेवावी. खळखळून उकळल्यास ते फुटते. बाजारच्या आंबट टोमॅटोला लागतो तेवढा गूळ येथे लागत नाही, म्हणून आधी चव घ्यावी. कोशिंबिरीला तर दाण्याचे कूट, मीठ आणि कोथिंबीर पुरे.

मार्चमध्ये ऊन तापू लागले, की झाड थकते. त्यावर उरलेले हिरवे टोमॅटो तेलावर परतून, भाजलेले तीळ, लसूण व मिरचीसह वाटल्यास भाकरीबरोबर उत्तम चटणी होते.